उंद्रीवालीची लेकरं

आमच्याकडे लहान मूल बघायला कुणी आलं आणि ‘अगंबाई, किती गोड’ म्हणालं, की माझ्या तोंडून निघतंच, ‘कशाचं गोड? माकडासारखं तर आहे.’ मंदाला पहिला मुलगा झाला तेव्हा मी हे तिच्या सासरी, भर बारशात म्हणाले. विहीणबाई त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी तोंडदेखलंच बोलत होत्या. मंदा हसून सोडून देते. आईचं आता वय झालं, म्हणते. वय झालंच आहे, पण ही खोड वयाची नाही. ती मला उंद्रीवालीनं लावली, आणि तेव्हा मी पंचविशीचीही नव्हते.

तिचं नाव तुळसाबाई. ते मला बऱ्याच उशिरा कळलं. दवाखान्यात सगळे तिला उंद्रीवालीच म्हणत. उंद्री म्हणजे खामगावहून चिखलीकडे जाताना लागतं ते मोठं गाव. बाई उंच, हाडापेरानं दणकट, कपाळावर हिरवं गोंदण, आणि लुगडं असं आवळून नेसलेलं की आत्ता उठून शेतात निघेल असं वाटावं. पण ती कुठं जायची नाही. मुलांच्या वॉर्डाच्या दाराशी, आतल्या बाजूला, खाटांकडे पाठ आणि दाराकडे तोंड करून दिवसभर बसायची. दवाखान्याचं नाव मी सांगत नाही; जिल्ह्याच्या गावचा, डोंगरावरचा दवाखाना, एवढं पुरे. महाराष्ट्र तेव्हा नवा होता. पाटीवर राज्याचं नवं नाव रंगवलेलं होतं, आणि ऊन तिरपं पडलं की खालचं जुनं नाव अजून वाचता यायचं.

आम्ही वडनेर भोलजीला राहायचो. हे तिथल्या शाळेत मास्तर होते. मंदा सातव्या महिन्यातच झाली. सुईणीनं तिला कापसात गुंडाळून माझ्या हातात दिलं तेव्हा कापूसच जड वाटत होता. जगली हेच नवल, पण छाती नाजूक राहिली ती राहिलीच. गार वारा लागला की घरघर, धूळ उडाली की घरघर. दोन वर्षांची होत आली तरी उभी केली की पाय थरथरायचे. त्या चैत्रात तिला डबा भरला. लहान मुलाची छाती भरून पोट उडायला लागलं की आमच्याकडे त्याला डबा म्हणतात. नांदुऱ्याच्या डॉक्टरांनी तिची छाती तपासली, माझ्याकडे न बघता चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, ‘मिळेल त्या गाडीनं बुलढाण्याला जा.’ घाट चढताना मंदाचे ओठ जांभळे दिसायला लागले. ह्यांनी डोळे मिटून घेतले. मला मिटता येत नव्हते, ती माझ्या मांडीवर होती.

वॉर्ड म्हणजे एक लांबच लांब दालन. दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, मधून चालायची वाट, आणि वाटेच्या टोकाला ते एकच दार. सिस्टरनं मंदाला सुई टोचली, प्राणवायूची नळी नाकाशी बांधली, आणि मी खाटेच्या कडेला टेकले न टेकले तोच दाराकडून आवाज आला.

‘कितवं वं?’

बाईनं मान वळवली नव्हती. दाराला विचारावं तसं तिनं विचारलं होतं.

‘पहिलंच,’ मी म्हटलं. ‘मंदाकिनी नाव हिचं.’

‘नाव कोनं इचारलं तुले?’ ती एकदम उठून आली. खाटेपाशी उभी राहून तिनं मंदाकडे पाहिलं आणि चांगलं मोठ्यांदा, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली, ‘काय चिंधी आनली वं ही! असं लेकरू कोनी दवाखान्यात आनते का? उकिरड्यावर नाही टाकलं?’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मॅट्रिक झालेली, अकोल्याची मुलगी मी. असल्या बोलण्याची मला सवय नव्हती. मी काहीतरी तिखट बोलणार तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं माझा पदर ओढला. ‘बोलू नोका बाई,’ ती कुजबुजली. ‘थे तुमच्या भल्याचंच बोलून राह्यली.’

उंद्रीवालीची हकीकत मला सिस्टरनं सांगितली. तिची सगळी मुलं गेलेली. किती, ते सिस्टरलाही नीट ठाऊक नव्हतं. शेवटची मुलगी ह्याच वॉर्डात, कोपऱ्यातल्या खाटेवर गेली. नवरा तिला घेऊन गावी गेला आणि थोड्याच दिवसांत ती एकटी परत आली, येऊन दाराशी बसली. आधी तिला हाकलून पाहिलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की ती दाराशी असली की मुलं कमी रडतात, आणि तिला राहू दिलं. नवऱ्यानं दुसरी केली होती. ‘चांगली हाये बिचारी,’ असं ती सवतीबद्दल सांगायची. पेरणीला आणि कापूस वेचायला गावी जायची, आपल्या वाटचं काम उरकायची आणि पुन्हा येऊन बसायची. कुणाची ना कुणाची भाकर तिला मिळायचीच.

मुलांना ती उचलून घ्यायची नाही. लाडानं बोलायची नाही. वॉर्डातल्या प्रत्येक पोराला तिनं ठेवलेलं नाव वेगळं: एक दगड्या, एक उकर्डी, एक केरसुणी. माझी मंदा चिंधी. भेटायला आलेल्या पाहुण्यांची ती दारातच हजेरी घ्यायची. ‘पाव्हने, लेकराले पाहाले आले का नजर लावाले? पाहून झालं? मंग निंघा.’ एकदा एका खादी टोपीवाल्या गृहस्थांनी कुणाच्या तरी बाळाला ‘राजबिंडा आहे’ म्हटलं, तर तिनं त्यांना दारातून परत आणून ‘मेलं कुत्र्यावानी हाये’ असं म्हणायला लावलं. त्यांनी म्हटलं. बाळाच्या आईनं हात जोडले म्हणून म्हटलं. आम्ही बायका पदरात तोंड घालून हसलो. दवाखान्यात हसू येतं हेही मला तिथंच कळलं.

पण दुपार झाली की हसणं बंद व्हायचं.

जेवणं उरकली, डॉक्टर घरी गेले, बाहेर कडुनिंबाचं पानही हलेनासं झालं, की उंद्रीवाली तांब्याभर पाणी उंबऱ्यावर ठेवायची आणि पदर सावरून बसायची, पाहुणे यायचे असले की बसतो तसं. पहिल्या दिवशी मी विचारलं, ‘कुणासाठी हो, मावशी?’

‘येनाऱ्यासाठी. कोनी का येईना, उन्हातान्हाचं येते. पानी तं पाजा लागते.’

‘कोण येतं?’

‘थे,’ ती म्हणाली.

‘थे’ म्हणजे ती, लेकरं न्यायला येते ती. नाव घ्यायचं नाही. वॉर्डातल्या सगळ्या बायकांना ते कळत होतं, आणि दोन दिवसांत मलाही कळायला लागलं. उतरत्या दुपारी तांब्या अर्धा झालेला असायचा. उन्हानं आटलं असेल असं मी मनाशी म्हणायची. कधी कधी उंद्रीवाली दाराशी बोलायची, शेजारणीला सुनवावं अशा आवाजात. ‘पानी पे अन् जाय. तुह्यं इथं कोनी नाही. काऊन पाहून राह्यली तिकडं? थे माह्यं व्हय.’ मग गप्प बसायची, जणू समोरचीचं ऐकून घेतेय. आणि मग, ‘हाव, हाव. समजलं. जाय आता.’

मी सहजासहजी भिणारी बाई नाही. विंचू मी हातातल्या पायताणानं मारलेले आहेत. पण एका दुपारी जे पाहिलं ते मला आजही कुणाला समजावून सांगता येत नाही. वॉर्डातली जागी असलेली सगळी मुलं एकदम दाराकडे बघायला लागली. रडणारं रडायचं थांबलं. मंदानंही मान वळवली. आणि मग सगळ्यांची नजर हळूहळू सरकायला लागली, दारापासून आत, मधल्या वाटेनं, एकेका खाटेवरून पुढं. कुणीतरी चालत यावं आणि मुलांनी बघावं तशी. वाटेत कुणी नव्हतं. नजरा आमच्या खाटेपाशी आल्या, पुढं गेल्या, आणि धाड गावाहून आलेल्या बाईच्या मुलाच्या खाटेशी थांबल्या. तो मुलगाही वर, आपल्या उशाशी, बघत होता. मग कुणीतरी खोकलं आणि मुलं पुन्हा रडायला लागली. उंद्रीवाली मात्र दाराकडे न बघता, पहिल्यांदाच, वॉर्डाकडे तोंड करून बसली होती.

आता तिच्या ‘घेण्या’बद्दल सांगितलं पाहिजे. मुलं जगत नसली की आमच्या भागात आई नवं जन्मलेलं मूल दुसरीला विकते. सुपात घालायचं, दुसरीनं मूठभर कोंडा द्यायचा आणि मूल उचलायचं. मग ते तिचं. आई फक्त सांभाळणारी. लग्नाच्या वेळी परत घ्यायचं. माझ्या माहेरी एक कोंडूमामा होते, ते असेच कोंड्याला विकलेले. पण सगळीकडे घेणारी बाई असते ती भरल्या घरची, जिची लेकरं धडधाकट आहेत अशी. ह्या वॉर्डात मात्र आया उंद्रीवालीला विकायच्या, जिच्याजवळ एकही उरलं नव्हतं. आणि तिनं घेतलेली मुलं घरी जायची, हे सिस्टरसुद्धा कबूल करायची.

मी तिला हटकलं होतं. ‘मावशी, हे उलटंच नाही का?’

‘काऊन उलटं? चोर भरल्या घरात येते का रिकाम्या? माह्या घरी येऊन येऊन थे सारं घेऊन गेली. आता माह्या दारावरून जाते, पन आत पाहत नाही. तिले ठाव हाये, हिच्याजवळ काही नाही.’ हे तिनं अगदी साधेपणानं सांगितलं. माझ्या हातातला मंदाचा पाय मी घट्ट धरला.

धाडच्या बाईचा मुलगा चांगला बरा होत आला होता. घटसर्प होऊन गेलेला, पण आता उठून बसायचा, चुरमुरे मागायचा. घरी जायचं ठरल्यावर त्याची आई उंद्रीवालीकडे गेली. म्हणाली, ‘आता काही भेव नाही, तरी जाता जाता घेऊन टाका माय. मनाले बरं वाटते.’

‘मले नाही घेता येत.’

‘काऊन पन? साऱ्याईची घेतली ना तुम्ही?’

‘इचारून झालं त्याचं,’ उंद्रीवाली म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा दूध पिता पिता मागं कलला आणि गेला. डॉक्टर धावत आले, छाती दाबली, काय काय केलं. घटसर्पानंतर हृदय असं अचानक थांबू शकतं, आम्ही म्हणूनच त्याला फार हलू देत नव्हतो, असं त्यांनी त्याच्या बापाला नीट समजावून सांगितलं. चांगला माणूस होता. मी ते ऐकलं आणि मला ते पटलंही. पण त्या दुपारच्या मुलांच्या नजरा माझ्या डोळ्यांपुढून जाईनात.

धाडची बाई वाघिणीसारखी उंद्रीवालीवर धावली. ‘तूनंच खाल्लं माह्यं लेकरू! तुले ठाव होतं!’ तिनं तिला बुक्क्या मारल्या, केस ओढले. उंद्रीवालीनं हात वर केला नाही. सगळा मार खाऊन घेतला, मग तिचं गाठोडं उचललं, आणि तिच्या मागून मोटारस्टँडपर्यंत सोडायला गेली. त्या दिवशी दुपारभर दार रिकामं होतं. इतकी लांब दुपार मी आयुष्यात काढलेली नाही.

त्यानंतर मंदा खाली घसरली. ताप उतरेना, इंजेक्शनांनी मांड्या चाळण झाल्या, आणि श्वास असा यायला लागला की दोन श्वासांच्या मध्ये मी माझा धरून ठेवायची. डॉक्टर रोज खाटेशी जास्त वेळ थांबायला लागले. ह्यांना शाळेतून रजा नव्हती. रविवारी आले तर पोरीकडे बघायचे आणि चष्मा पुसायचे. एका सकाळी तिनं माझ्याकडे बघितलं आणि ओळखलं नाही. मी उठले. दाराशी गेले. शिकलेली, अकोल्याची वगैरे मी कुठं गेले कोण जाणे, तोंडातून लहानपणची घरातली भाषा निघाली. ‘मावशी, माह्या पोरीले घ्या.’

ती लगेच हो म्हणाली नाही. उठून मंदाजवळ गेली, वाकून बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिली. इचारून झालं असं म्हणू नये, एवढंच मी देवाला मागत होते.

‘घेतो,’ ती म्हणाली. ‘पन मंग माह्यी व्हईन. मनातसुदिक माह्यी म्हनाचं नाही तू. जमन का?’

मी मान हलवली.

भर दुपारी, सैपाकघराच्या मागं, जिथं चुलीची राख टाकायचे तिथं ते झालं. रात्री नाही, आडोशाला नाही. त्या येणारीच्या डोळ्यांदेखत झालं पाहिजे, असं उंद्रीवालीचं म्हणणं होतं. सिस्टरनं पाठ फिरवली आणि थोडा वेळ नळी सोडू दिली, हे तिचे उपकार. मी मंदाला सुपात ठेवलं. सूप वाऱ्यानं हलावं तसं हलत होतं, ते तिच्या श्वासानं. उंद्रीवालीनं माझ्या ओंजळीत कोंडा टाकला, मंदाला उचललं आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे, मोकळ्या उन्हाकडे बघून म्हणाली, ‘माह्यी पोरगी व्हय हे. चिंधी. पाहून घे.’ मी मागं वळून बघितलं नाही. माझ्या मानेवर, त्या उन्हात, गार वारा लागला असं मला वाटलं. वाटलं असेल.

त्या दिवसापासून खाटेवर ती बसायला लागली आणि मी व्हरांड्यात. दुपारी तर मी आत यायचंच नाही असा तिचा हुकूम होता. खिडकीतून मला मंदाचे फक्त पाय दिसायचे. एकदा ती क्षीण आवाजात ‘आई’ म्हणाली. किती दिवसांनी म्हणाली! माझं अख्खं शरीर उठलं. आतून उंद्रीवालीचा आवाज आला, ‘हाव. हाये मी.’ मी पदर दातांत धरला आणि खाली बसले. पोरगी मरणार ह्याचं दुःख एक. पण ती जगली तरी माझी असणार नाही, हे काय मी करून बसले, ह्या विचारानं मी तिथं फरशीवर बसून रडले.

एके दिवशी फेरीला दुसरेच डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, ‘हिची आई कोण?’

मी भिंतीशी उभी होते. तोंड उघडलं आणि मिटलं.

‘मी,’ उंद्रीवाली म्हणाली.

डॉक्टर नवे होते, त्यांना नातीगोती ठाऊक नव्हती. त्यांनी मला मावशी समजून बाजूला सारलं आणि तिला हळू आवाजात म्हणाले, ‘बाई, आम्ही सगळं करतोय. पण आजची रात्र अवघड आहे. मनाची तयारी ठेवा.’

‘माह्यी झाली हाये कवाचीच,’ ती म्हणाली. ‘आता राह्यलं काय तयारी कराचं?’

डॉक्टरांना ते धैर्य वाटलं असावं. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मी हातभर अंतरावर उभी होते आणि माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

मंदा वाचली. मला विचाराल तर ती त्या डॉक्टरांच्या इंजेक्शनांनी वाचली. मी सगळ्यांना तसंच सांगते आणि तेच खरं असणार. सकाळी ताप उतरलेला होता आणि ती उंद्रीवालीच्या भाकरीचा पापुद्रा चोखत होती. डॉक्टर येऊन म्हणाले, ‘बाई, तुमची मुलगी वाचली.’ उंद्रीवालीनं नुसती मान हलवली. अभिनंदन तिचं झालं. मी कोपऱ्यात उभी राहून नवस आठवत होते, आणि मला तिचा राग आला होता, हे आता सांगायला काय हरकत आहे? असा राग आला होता की पोर हिसकावून पळावं.

निघायच्या दिवशी तिनंच मंदाला माझ्याकडे दिलं. ‘वापस देत नाही मी. सांभाळाले देतो. इकलेलं लेकरू हाये, ध्यानात ठेवजो. लग्नात घेजो वापस.’ मग मंदाकडे बघून म्हणाली, ‘जाय चिंधे. त्रास नोको देऊ मास्तरनीले.’ आणि पाठ फिरवून दाराकडे तोंड करून बसली. मंदा माझ्या खांद्यावरून तिच्यासाठी हात पसरून रडत होती. टांगा वळेपर्यंत रडत होती.

घरी सासूबाईंनी विचारलं, ती बाई कोणत्या जातीची होती. मी विचारलंच नव्हतं. त्या काही दिवस देव्हाऱ्यापाशी पुटपुटत राहिल्या, मग मंदा धावायला लागली तशा विसरल्या. मी विसरले नाही. ‘माझी मुलगी’ असं मी म्हणायची नाही. कुणी विचारलं तर ‘ही मंदा’ एवढंच. शाळेत नाव घालायला गेले तेव्हा नव्यानंच आलेल्या हेडमास्तरांनी ‘आपलीच का?’ विचारलं, तर मी ‘आमच्याकडे असते’ म्हणाले. हे घरी येऊन पोट धरून हसले. मंदा मला आई म्हणायची तेव्हा मी ओ द्यायची, पण देताना आधी दाराकडे बघायची.

मंदा सात-आठ वर्षांची असेल. नांदुऱ्याला बाजार करून आम्ही दोघी मोटारस्टँडवर आलो. उन्हाळा, दुपार, स्टँडवर चिटपाखरू नाही. शेडच्या सावलीत एक बाई बसली होती. हाडं नुसती. गोंदणावरून मी ओळखलं.

‘मावशी!’ मी धावलेच. मला इतका आनंद झाला की मला स्वतःचंच नवल वाटलं. इतकी वर्षं जिच्या नावानं मनात कुढत होते, तिला पाहून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. ‘मंदा, ये, पाया पड. ह्या कोण माहीत आहे का—’

‘थांब!’ ती अशी ओरडली की मंदा जागच्या जागी थांबली. ‘जवळ नोको आनू तिले. तिथंच राहू दे.’ मग श्वास घ्यायला ती थांबली. बोलायलाही तिला कष्ट पडत होते. ‘वडनेरलेच निंघाली होती मी तुह्याकडं. बरं झालं, इथंच भेटली. तुह्यं एकच राह्यलं होतं. बाकी साऱ्याईच्या गावाले जाऊन आली.’

‘कशाला?’

‘सांगाले. आता माह्याजवळ घेण्यासारखं हाये ना वं. मी हाये. थे आली हाये मले घ्याले, अन् संगं माह्यं काय काय हाये थे पाहून राह्यली.’ तिनं मंदाकडे बघितलं नाही. समोर रस्त्याकडे बघत तिनं आवाज चढवला, त्या वॉर्डातल्यासारखा. ‘कोनाची पोरगी व्हय वं ही? मले लेकरू नाही. एकबी नाही. मी कोनाची माय नाही. कोनाची व्हय ही?’

मी हातातली बाजाराची पिशवी खाली ठेवली.

‘बोल ना,’ ती हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. ‘मोठ्यानं बोल. आयकू जाऊ दे.’

‘माझी,’ मी म्हटलं. आवाज निघाला नाही. इतक्या वर्षांत तो शब्द तोंडाला नव्हता. मग मी ओरडलेच, ‘माझी! माझी मुलगी आहे ही!’ आणि मंदाला ओढून पोटाशी धरलं आणि रडायला लागले. मंदाला काही कळेना. स्टँडच्या चौकीतला माणूस बाहेर येऊन बघायला लागला.

‘हाव,’ उंद्रीवाली म्हणाली. ‘अशीच म्हनत जाय.’ तिनं डोळे पुसले. ‘अन् पोरीनं इचारलं तं सांगजो, वळखीची नाही.’

खामगाववरून पुढं चिखलीला जाणारी गाडी लागली. ती एकटीच चढली, दांडीला धरून, एकेक पायरी थांबत. मी हात द्यायला पुढं झाले तशी तिनं नको म्हणून मान हलवली. गाडी जवळपास रिकामी होती. तिनं खिडकीची जागा सोडली आणि तिच्या शेजारच्या जागेवर बसली. एवढ्या उकाड्यात. मागून चढलेला एक माणूस खिडकीकडे सरकू लागला, तर तिनं हातानं अडवलं. ‘कोनी हाये तिथं,’ ती त्याला म्हणाली. तो मागच्या बाकावर जाऊन बसला.

तिनं आमच्याकडे वळून बघितलं नाही. गाडी निघाली, धूळ उडाली, आणि मंदाला खोकला आला नाही.

‘आई, कोण गं ती बाई?’ मंदानं विचारलं.

‘कोणास ठाऊक,’ मी म्हटलं. ‘ओळखीची नव्हती.’